फांदीचे वय

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी दीक्षाभूमीवर गेलो होतो. नागपूरचा मे महिना. ऊन उतरले तरी फरशीचा चटका तळव्यांना बसत होता. बोधिवृक्षाखाली मात्र जरा बरे वाटत होते. शेजारी एक आजी नातीला घेऊन उभी होती. नातीने मान मागे टाकून झाड शेंड्यापर्यंत पाहून घेतले आणि विचारले, ‘हे झाड किती वर्षाचं आहे वो आजी?’ आजी म्हणाली, ‘बुद्धाच्या वेळचं हाय माय.’ पलीकडे कॉलेजातला एक पोरगा उभा होता. त्याला राहवले नाही. ‘आजी, तेव्हाचं कसं असेल? श्रीलंकेतून फांद्या आणून लावलंय ते. साठेक वर्षं झाली असतील फार तर.’ आजी काही चिडली नाही. ‘आनलं म्हनून काय झालं बापू? झाड तर तेच हाय ना!’

पोरगा हसला, मीही हसलो. पण आजीचे ते ‘तेच’ काही डोक्यातून जाईना. नंतर थोडे वाचन झाले, एका कलमवाल्याशी बोलणे झाले आणि वाटू लागले की आपण घाईने हसलो.

पोराची माहिती चुकीची नव्हती. दीक्षाभूमीवर स्तूपाच्या बाजूला उभा असलेला हा पिंपळ भदंत आनंद कौसल्यायन यांनी लावलेला. श्रीलंकेतल्या अनुराधापूर येथील बोधिवृक्षाच्या तीन फांद्या त्यांनी आणल्या आणि इथल्या मातीत रुजवल्या. म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी महास्थवीर चंद्रमणींकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग स्वतः लाखो लोकांना दीक्षा दिली, तेव्हा हे झाड इथे नव्हते. तेव्हा होते ते व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचे उघडे मैदान. धोलपुरी दगडाने मढवलेला, १२० फूट उंचीचा आणि तेवढ्याच व्यासाचा घुमटही पुष्कळ नंतरचा. त्याचे काम १९७८ मध्ये सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. शिवदानमल हे त्याचे वास्तुशिल्पी. पिंपळाच्या हिशेबात साठ वर्षे म्हणजे ऐन तारुण्य.

फांद्या आणणारा माणूस कोण होता, हे मात्र नीट पाहिले पाहिजे. कौसल्यायन मूळचे पंजाबकडचे. १९०५ मध्ये अंबाला जिल्ह्यातल्या सोहाना गावी जन्मलेले हरनामदास. श्रीलंकेत जाऊन भिक्खू झाले, पाली शिकले, पुढे तिथेच हिंदी शिकवले. मधली काही वर्षे वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीचा कारभार सांभाळला. जातककथांचा हिंदी अनुवाद केला, बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हिंदीत आणला आणि ‘महावंस’ या पाली ग्रंथाचाही हिंदी अनुवाद केला. उतारवयात नागपूरचे झाले आणि १९८८ मध्ये नागपुरातच गेले. यातले ‘महावंस’ महत्त्वाचे, कारण बोधगयेच्या पिंपळाची फांदी श्रीलंकेत कशी गेली ती सारी हकिगत त्याच ग्रंथात आहे. ज्याने ती हकिगत ओळ न् ओळ अनुवादली, त्याच माणसाने पुढे त्याच झाडाच्या फांद्या उलट दिशेने, समुद्र ओलांडून भारतात आणल्या. फांद्या आणताना त्यांना त्या पानांची आठवण झाली नसेल असे मला वाटत नाही.

ती हकिगत अशी. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा भिक्खुणी होऊन श्रीलंकेला निघाली, तेव्हा तिथला राजा देवानंपिय तिस्स याच्यासाठी बोधिवृक्षाची दक्षिणेकडची फांदी द्यायचे ठरले. पण बोधिवृक्षाला कुऱ्हाड लावायची कोणी? ‘महावंस’ सांगतो की अशोकाने सोन्याच्या लेखणीने, मनशिळेच्या लाल रंगात फांदीभोवती रेघ ओढली आणि फांदी आपोआप सुटून सुगंधी मातीने भरलेल्या सुवर्णपात्रावर उभी राहिली. मग फांदीवर आणखी रेघा ओढल्या आणि त्या रेघांतून मुळे फुटली. पुढे गंगेतून ताम्रलिप्तीच्या बंदरात, तिथून जहाजाने लंकेच्या उत्तरेला जंबुकोल बंदरात, आणि शेवटी अनुराधापूरच्या महामेघ उद्यानात. झाडाबरोबर त्याची देखभाल करणारी कुटुंबेही पाठवली गेली.

चमत्काराची कथा म्हणून ही वाचून सोडून देता येते. मी ती काटोलकडच्या एका कलमवाल्याला सांगितली, तर तो शांतपणे म्हणाला, ‘म्हंजे गुटी बांधली!’ बरोबर आहे. गुटी कलम करताना फांदीभोवती बोटभर रुंदीची साल गोल काढतात, त्या जागी ओले शेवाळ किंवा माती बांधून ठेवतात आणि काही आठवड्यांत त्या कापाच्या वरच्या कडेतून मुळे फुटतात. पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली येत असते. साल तोडली की ते वाटेतच अडते, कापाच्या वर साठते आणि तिथे मुळांना जोर येतो. मग फांदी झाडापासून सोडवून कुंडीत बसवायची. वर्तुळाकार रेघ, रेघेतून फुटलेली मुळे, मातीने भरलेले भांडे: पाचव्या-सहाव्या शतकात ‘महावंस’ रचणाऱ्या भिक्खूने कोणा माळ्याचे काम जवळून पाहिले असावे, असा माझा तर्क आहे. सोन्याची लेखणी त्याने भक्तीने घातली असेल, पण रेघ जिथे हवी तिथेच आहे.

अनुराधापूरचा तो वृक्ष आजही उभा आहे. श्रीलंकेत त्याला जय श्री महाबोधी म्हणतात. परंपरेच्या गणनेने त्याची लागवड इसवी सनपूर्व २८८ सालची. अशोकाचा काळ आजचे इतिहासकार जसा लावतात त्याप्रमाणे ती थोडी अलीकडे, तिसऱ्या शतकाच्या मध्याकडे सरकते. कसेही मोजले तरी बावीसशे वर्षांच्या पुढे. माणसाने लावलेले आणि लागवडीचा काळ नोंदलेले जगातले सर्वांत जुने झाड म्हणून त्याचे नाव घेतात. थकलेल्या फांद्यांना सोनेरी टेकू दिलेले आहेत, भोवती सोनेरी कठडा आहे. या झाडाने रक्तही पाहिले: १४ मे १९८५ रोजी एलटीटीईच्या हल्लेखोरांनी अनुराधापुरात गोळीबार केला, त्यात इथे प्रार्थनेला आलेल्या भाविकांसह शंभराहून अधिक माणसे मारली गेली.

आता मूळ झाडाकडे, बोधगयेकडे वळू. इथे गंमत आहे. आज बोधगयेत महाबोधी मंदिराच्या मागे जो बोधिवृक्ष दिसतो, तो बुद्धाच्या काळचा नाही, अशोकाच्या काळचाही नाही. त्या जागेवरचे झाड अनेकदा गेले आणि अनेकदा आले. सातव्या शतकात आलेला चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग लिहितो की गौडाचा राजा शशांक याने झाड तोडून मुळे जाळली, आणि मगधाच्या पूर्णवर्म्याने हजार गाईंचे दूध घालून ते पुन्हा फुलवले. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅमने पाहिले तेव्हा झाड पोखरलेले होते. १८७६ मध्ये ते वादळात कोसळले. त्याच्या बियांपासूनची रोपे तयार होती, आणि १८८१ मध्ये कनिंगहॅमने त्या जागी नवे झाड लावले. म्हणजे जागा बुद्धाची, पण आजचे झाड त्या जुन्या झाडाचे अपत्य. उलट अनुराधापूरचे झाड हे अपत्य नव्हे, ती फांदी. बी आणि फांदी यातला फरक इथे फार मोठा आहे.

बी म्हणजे दोन झाडांचा संकर: आई एक, परागकण दुसऱ्या झाडाचे. बीपासून उगवलेले रोप आईसारखे असते, पण आई नसते, जसे आपण. फांदीत मात्र दुसऱ्या कोणाची भेसळ नाही. फांदी कापून लावली की तेच शरीर दुसरीकडे वाढू लागते. हे नागपूरकराला समजावून सांगायला नकोच. संत्र्याच्या बागा काय आहेत? शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकांत जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात; डोळा म्हणजे सालीच्या चिमुकल्या तुकड्यावरची एक कळी. त्या डोळ्यातून वाढलेले सगळे झाड डोळ्याच्या आईसारखेच, गोडी तीच, साल तशीच सैल. अठराव्या शतकाच्या अखेरीस रघुजी भोसल्यांनी औरंगाबादेहून संत्री आणवली असे सांगतात. ते झाड कधीच वठून गेले असेल, पण डोळ्यामागून डोळा भरत त्या रसाचा धागा वरूड-काटोलपर्यंत चालत आलेला असू शकतो. हापूसचेही तेच. देवगड आणि रत्नागिरीत लाखो झाडे दिसतात. जनुकांच्या हिशेबाने पाहिले तर ते सगळे मिळून जवळजवळ एकच झाड आहे. संत्रा आणि पिंपळ यात एकच मोठा फरक. संत्र्याला पाय परके, जंभेरीचे. पिंपळाच्या फांदीला स्वतःची मुळे फुटतात, तिला परक्या पायांची गरज नाही. शतकानुशतके वाढत राहिलेल्या फांदीत पेशी विभागताना बारीकसारीक बदल साठतात हे खरे, त्यामुळे जीवशास्त्रज्ञ ‘हुबेहूब’ हा शब्द जपून वापरतील. पण ‘तेच’ म्हणायला ते फारशी हरकत घेणार नाहीत.

तेव्हा आजीचे म्हणणे असे तपासू. ‘महावंस’ खरा मानला, अनुराधापूरची फांदी बोधगयेच्या मूळ झाडाची होती हे मानले, आणि कौसल्यायनांनी फांद्याच आणल्या हे तर आहेच. मग दीक्षाभूमीचा पिंपळ बोधगयेच्या आजच्या पिंपळापेक्षा मूळ बोधिवृक्षाला जास्त जवळचा ठरतो. बोधगयेत नात आहे, नागपुरात आजीच आहे असे म्हणा. ‘महावंस’ किती खरा मानायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण पोराने वय मोजले लाकडाचे आणि आजीने मोजले फांदीचे, एवढाच त्यांच्यात फरक होता.

फांद्या आणि रोपे नेण्याची ही रीत कौसल्यायनांच्या आधीही चालू होती. १९३१ मध्ये सारनाथला मूलगंधकुटी विहार उभा राहिला, तेव्हा अनागारिक धर्मपालांनी अनुराधापूरहून आणलेला वृक्ष तिथे लावला. त्याच धर्मपालांनी १९१३ मध्ये हवाईतल्या मेरी फॉस्टर या बाईंना एक रोप दिले. होनोलुलूच्या फॉस्टर उद्यानात ते झाड आजही आहे.

जपानमध्ये मात्र पिंपळ रुजला नाही. त्याला थंडी सोसत नाही. म्हणून जपानी बौद्ध विहारांच्या आवारात ‘बोदाइजू’ म्हणजे बोधिवृक्ष म्हणून जे झाड दाखवतात ते पिंपळ नसून लिंडेनच्या जातीचे, तिलिया मिकेलियाना नावाचे वेगळेच झाड आहे. पान मात्र पिंपळासारखे हृदयाकार. बाराव्या शतकाच्या अखेरीस एइसाई नावाच्या भिक्खूने ते चीनमधून आणले अशी परंपरा आहे. फांदी पोहोचू शकली नाही तिथे पानाचा आकार पोहोचला! बौद्ध विहारांचे असे, तर शिंतो देवळांची गोष्टच निराळी. तिथे देवळाच्या आवारातले झाडच देवाचे निवासस्थान. त्याला शिनबोकु म्हणतात. बुंध्याभोवती भाताच्या काडाचा जाड दोर गुंडाळतात, त्यावर नागमोडी कापलेले पांढरे कागद लोंबत असतात. आपल्याकडच्या बायका वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळतात ते आठवल्याशिवाय राहत नाही. कागोशिमा प्रांतातल्या कामो हाचिमान देवळातला कापराचा वृक्ष जपानमधला सर्वांत मोठा. त्याच्या बुंध्याचा घेर २४.२ मीटर भरतो आणि वय दीड हजार वर्षांचे सांगतात.

पण मला कामोपेक्षा कामाकुराच्या झाडाची गोष्ट जास्त भावते. तिथल्या त्सुरुगाओका हाचिमान देवळाच्या पायऱ्यांपाशी एक प्रचंड गिंको वृक्ष होता. १२१९ मध्ये शोगुन मिनामोतो सानेतोमोचा त्याच्याच पुतण्याने पायऱ्यांवर खून केला, तेव्हा मारेकरी या झाडाआड लपला होता अशी दंतकथा. १० मार्च २०१० च्या पहाटे वाऱ्याने हे झाड मुळांपासून उन्मळून पडले. लोक रडले. देवळाने मग बुंध्याचा खालचा भाग कापून शेजारीच पुन्हा जमिनीत रोवला आणि जुन्या जागी राहिलेली मुळे तशीच जपली. काही आठवड्यांतच मुळांतून हिरवे कोंब वर आले. आता तिथे नवी झाडी उभी आहे आणि भाविक तिलाच नमस्कार करतात. मुळातून फुटलेला कोंब म्हणजे तेच झाड. इसेचे मोठे देऊळ तर दर वीस वर्षांनी पूर्ण नवे बांधतात, शेजारच्या मोकळ्या जागेवर, त्याच मापात. २०१३ मध्ये ते बासष्टाव्यांदा झाले. लाकूड नवे आणि देऊळ तेराशे वर्षांचे, यात कुणाला विसंगती वाटत नाही.

जपान आणि नागपूर यांची गाठ अशीच कागदावर घालायची मला गरज नाही. ती प्रत्यक्षात आहे. १९३५ मध्ये जपानमध्ये जन्मलेले भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई १९६० च्या दशकात भारतात आले, नागपुरात राहिले, भारतीय नागरिक झाले आणि दीक्षाभूमीच्या स्मारक समितीचे अध्यक्ष झाले. बोधगयेचे महाबोधी मंदिर बौद्धांच्या ताब्यात यावे म्हणून १९९२ पासून जे आंदोलन झाले, त्याचे नेतृत्व त्यांनी केले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस टेम्पल तर जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने १९९९ मध्ये उभे राहिले, आणि आज रविवारी नागपूरकर पोराबाळांना घेऊन तिथे जातातच.

एक शंका नेहमी विचारली जाते, आणि ती रास्त आहे. दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा स्तंभावर कोरलेल्या आहेत. देवदेवता, अवतार, श्राद्ध, पिंडदान या सगळ्यांना त्यात नकार आहे. मग झाडासमोर मेणबत्ती का? याचे उत्तर कौसल्यायनांनीच अनुवादलेल्या जातकांत सापडते. कालिंगबोधी जातकाच्या प्रस्तावनेत आनंद बुद्धाला विचारतो, तुम्ही चारिकेला गेलात की लोक फुले घेऊन येतात आणि जेतवन रिकामे पाहून परत जातात, त्यांनी वंदन कशाला करावे? बुद्ध तीन प्रकारची स्मारके सांगतो: शरीराचे अवशेष, वापरलेल्या वस्तू आणि मूर्तीसारखी प्रतीके. पहिले तर निर्वाणानंतरच शक्य, तिसरे केवळ मनाने मानलेले. बोधिवृक्ष दुसऱ्यात बसतो. ज्याच्या सावलीत माणूस बसला ते झाड. म्हणजे देव नव्हे, वापरलेली वस्तू. बाबासाहेबांचा चष्मा किंवा टंकलेखन यंत्र पाहताना जे वाटते त्याच जातीची ही भावना आहे. त्याच कथेत जेतवनात झाड लावायला मोग्गल्लान बोधगयेच्या पिंपळाचे पिकलेले फळ घेऊन येतो. म्हणजे तिथे बी लावले, फांदी नव्हे. जातक रचणाऱ्यांना हा फरक ठाऊक होता की नाही देव जाणे!

बुद्धाची मूर्ती घडवण्याच्या आधीच्या काळात शिल्पकार बुद्धाच्या जागी झाड आणि रिकामे आसन कोरत. सांची आणि भरहुत सर्वांना माहीत आहेत. पण ते पाहायला विदर्भ सोडायला नको. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेकाठी पवनी आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा इसवी सनापूर्वीच्या मोठ्या स्तूपांचे अवशेष मिळाले. पवनीच्या शिल्पांत मुचलिंद नाग आहे: ज्ञानप्राप्तीनंतर ध्यानस्थ बसलेल्या बुद्धावर वादळी पावसात फणा धरणारा तोच. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या माणसांना बोधिवृक्षाची गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होती. दीक्षेसाठी नागपूर निवडताना बाबासाहेबांनी नाग लोकांचा उल्लेख केला होता. पवनीचे शिल्प सापडले ते त्यानंतर तेरा-चौदा वर्षांनी.

आता झाडाबद्दल, कारण भक्तीच्या गर्दीत झाडच मागे पडते. पिंपळ, शास्त्रीय नाव फायकस रिलिजिओसा, हा वड, उंबर आणि नांदुरकीचा सख्खा भाऊ. अमरकोशात त्याला बोधिद्रुम, चलदल आणि कुंजराशन अशी नावे आहेत. कुंजराशन म्हणजे हत्तीचे खाणे. चलदल म्हणजे पाने हलणारा, आणि हे नाव अचूक आहे: पानाचा देठ लांब आणि बारीक असतो, पान त्यावर लोंबते, त्यामुळे वारा नसल्यासारखा वाटला तरी पिंपळ सळसळत राहतो. रात्री ती सळसळ ऐकून कित्येकांनी मुंज्या पाहिला. पानाचे लांब शेपूट पावसाचे पाणी झटकन ओघळून जायला उपयोगी पडते. वहीत ठेवलेल्या पानाची जाळी आपण सगळ्यांनी केली आहे. मऊ भाग कुजून जातो, चिवट शिरा राहतात. भारतरत्न पदकाचा आकार पिंपळपानाचा आहे, आणि बाबासाहेबांना ते १९९० मध्ये, मरणोत्तर मिळाले.

पिंपळ रात्रीसुद्धा प्राणवायू सोडतो असे ठामपणे सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. प्राणवायू तयार व्हायला उजेड लागतो. रात्री पिंपळही आपल्यासारखाच श्वास घेतो आणि कर्बवायू सोडतो. पिंपळाच्या मोठेपणाला या अफवेची गरज नाही. त्याच्या फळाकडे पाहा. ‘उंबराचं फूल’ हा शब्द आपण दुर्मीळ गोष्टीसाठी वापरतो, पण उंबराला आणि पिंपळाला फुले असतात, शेकड्यांनी असतात. ती फळाच्या आत असतात. आपण ज्याला फळ म्हणतो तो आत उलटा वळलेला फुलांचा गुच्छ आहे. टोकाला सुईच्या अग्राएवढे छिद्र. त्यातून पिंपळाची खास गांधीलमाशी, चिलटाहून लहान, आत घुसते. घुसताना पंख तुटतात. आत ती काही फुलांना पराग देते, काहींत अंडी घालते आणि मरते. तिची पिल्ले आतच मोठी होतात. नर बिनपंखांचे, त्यांचे काम मिलन करायचे आणि भिंत पोखरून वाट काढायची. पराग अंगाला लावून माद्या उडतात आणि दुसरा पिंपळ शोधतात. ही माशी नसेल तर पिंपळाला बी धरत नाही. म्हणजे बोधगयेच्या झाडाची पोटची रोपे जी झाली, त्यामागे अशा कित्येक माश्यांचे मरण आहे.

आणि पिंपळाचे वय वर्तुळे मोजून कळत नाही. थंड देशांत हिवाळ्यात वाढ थांबते, म्हणून खोडात वर्षागणिक ठळक कडे उमटते. आपल्याकडच्या वड-पिंपळांत ती कडी स्पष्ट नसतात. शिवाय म्हातारे खोड आतून पोकळ होते, म्हणजे सर्वांत जुने लाकूड आधी जाते. बुंधा सांगत नाही, तेव्हा वय कागदच सांगतो: ग्रंथ, शिलालेख, नोंद.

कागदाने वय ठरण्याचा एक आधुनिक प्रकार आपल्याकडेही आला आहे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे आणि त्यापुढचे झाड ‘हेरिटेज’ ठरले, आणि असे झाड तोडलेच तर त्याच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट आली. आजीच्या हिशेबाने या अटीचे काय होईल या कल्पनेने मी एकदा बसल्या बसल्या हसलो. बावीसशे रोपे!

दीक्षाभूमीवरच १ जुलै २०२४ रोजी भूमिगत वाहनतळाच्या कामाविरुद्ध लोक उतरले आणि काम थांबवले गेले. त्या वादाचे बरेच पदर आहेत. मला मात्र मुळांची आठवण झाली. पिंपळाची मुळे खोल जातात त्याहून जास्त आडवी पसरतात, बुंध्यापासून फांद्यांच्या घेरापलीकडे. झाडाला सर्वांत जास्त त्रास कुऱ्हाडीचा नसतो. त्रास होतो तो बुंध्यापर्यंत आणलेल्या सिमेंटचा आणि फरशीचा, खोडाला टेकवलेल्या मेणबत्त्यांच्या आचेचा, मुळांवर पडणाऱ्या तेलाचा आणि दुधाचा. पाराखालची माती श्वास घेत नसेल तर पार कितीही सुंदर बांधा. पाय धुऊन येणाऱ्या माणसाने बुंध्यापाशी तांब्याभर साधे पाणी ओतले तर झाडाच्या दृष्टीने ती चांगली पूजा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळ पाने टाकतो आणि लगेच तांबूस, चकचकीत कोवळी पालवी फुटते. मेपर्यंत ती गडद हिरवी झालेली असते, म्हणून बुद्धपौर्णिमेला सावली भरपूर मिळते. फळे पिकली की पिंपळावर मैना, कोकीळ आणि हरियाल उतरतात. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. हिरव्या पानांत हिरवा, त्यामुळे तो दिसण्याआधी खाली पडणारी अर्धी फळे दिसतात. हे पक्षी बिया पोटात घेऊन शहरभर फिरतात. आमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, पावसाळी नळाच्या मागे, दोन वर्षांपूर्वी पिंपळाचे एक रोप आले. सोसायटीच्या बैठकीत ते काढायचे ठरले. ठराव झाला, गवंडी आला, आणि ‘पिंपळ आहे साहेब, माझ्याच्यानं नाही होत’ म्हणून वर न चढताच परत गेला. रोप कुठल्या झाडाचे कोणास ठाऊक. सध्या त्याला अकरा पाने आहेत.